समुद्रापासून त्रेसष्ट मैल

कंपनीचं नाव होतं मर्सिए व्हॅली अँड अटलांटिक.
अटलांटिकपर्यंत ती कधीच पोचली नाही.
हे आधीच सांगून टाकते,
उगाच वाट बघत बसायला नको.

मेन राज्याचं उत्तरेचं टोक, पलीकडे कॅनडा,
सहा महिने बर्फ, उरलेले सहा महिने बटाटे.
अठराशे एक्याण्णवच्या मार्चमध्ये
चर्चच्या तळघरात सत्तेचाळीस माणसं जमली.
रोकड कुणाकडेच नव्हती,
म्हणून शेअर विकले गेले सीडरच्या स्लीपरांवर.
चाळीस स्लीपर, एक शेअर.
एल्झेआर थेरिओने ओढ्यापलीकडचं सगळं रान तोडलं
आणि घरी आणले सात कागद.
कागदावर इंजिन, इंजिनामागे लाटा.
बायको म्हणाली, लाटा छान काढल्यात.

पहिलं इंजिन जुनं, तिसऱ्या हातचं.
कंपनीने नाव ठेवलं 'भरभराट'.
लोक तिला मावशी म्हणायचे:
येते म्हणायची, यायची नाही,
आली की हलायची नाही.

रूळ दक्षिणेकडे सरकत राहिले,
दलदलीतून, दोन दिवाळखोऱ्यांतून,
एका पुलावरून, जो दोनदा वाहून गेला
आणि तिसऱ्यांदा कुणी बांधला ते नीट लिहिलेलं नाही.
दर वार्षिक अहवालात शेवटचं वाक्य एकच:
'पुढील हंगामात समुद्र.'
एकोणतीस अहवालांत ते मी वाचलंय.
तिसाव्यात त्या जागी
खिळ्यांचे भाव आहेत.

हिवाळ्यात बटाटे गोठू नयेत म्हणून
प्रत्येक डब्यात एक शेगडी, एक माणूस.
माणसाला तिकीट नसे, तो मालात धरलेला.
एल्झेआरचा धाकटा, ओनेझिम,
अकरा हिवाळे असा गेला,
पाठ शेकलेली, पाय बधिर.
जंक्शनवर आमचे रूळ संपत,
तिथे तो उतरे, परक्या कंपनीचा माणूस चढे.
बटाट्यांनी बॉस्टन पाहिलं.
ओनेझिमने जंक्शनचा फलाट पाहिला,
आणि परतीची गाडी.

तेवीस सालच्या फेब्रुवारीत
गाडी बर्फात रुतली, तीन दिवस.
कोळसा संपला तशा त्याने
डब्याच्या आतल्या फळ्या उचकटल्या, एकेक करून जाळल्या.
एकही बटाटा नासला नाही.
कंपनीने फळ्यांचे चार डॉलर दहा सेंट
त्याच्या पगारातून कापले.
ती नोंद मी पाहिली आहे.
अक्षर फार सुरेख आहे.

मग ट्रक आले. त्याबद्दल काय सांगायचं.

मी एकसष्ट साली टायपिस्ट म्हणून लागले.
तेव्हा प्रवासी गाडी बंद झालेली,
वेळापत्रक मात्र भिंतीवर होतं, काचेमागे.
साहेब वेंडेल प्रॅट, मनाने चांगला,
शुक्रवारी ऑफिसातच मासे तळायचा;
फायलींना तो वास अजून येतो.
अठरा वर्षं मी 'आपला विश्वासू' टाइप केलं,
शेवटचं पत्रही तसंच संपवलं.

रूळ उपटायला बाहेरची माणसं आली,
कटर घेऊन, रेडिओ लावून.
जंक्शनपासून ट्रकने बंदरावर, तिथून जहाजात.
भंगारवाल्याची पावती माझ्याच टेबलावर आली:
जुने रूळ. वाहतूक त्रेसष्ट मैल.
पोच, अटलांटिक धक्का क्रमांक दोन.
मी ती दोनदा वाचली,
भोकं पाडून फाइलला लावली.

त्याच आठवड्यात ओनेझिम आला, एक्याऐंशीचा,
बटाट्याच्या पोत्यात गुंडाळलेले सात कागद घेऊन.
याचं काही मिळेल का?
नाही म्हटलं.
त्याने लाटांवरून अंगठा फिरवला,
मग अडगळीकडे बोट दाखवलं:
बरं, शेगडी तरी द्या.

एकशे चौदा नंबरची दिली.
सही घेतली नाही.
हिशेबात एक शेगडी कमी पडते,
ती ही.